मुलाच्या हाताचे फ्रॅक्चर : पुण्यातील एका बाल-अस्थिरोग विभागाचा अनुभव

माझ्या ७ वर्षांच्या मुलाची कोपर आणि मनगट यांमधली दोन्ही हाडे मोडली, तेव्हा पहिल्या रुग्णालयात लगेच शस्त्रक्रिया करून घ्या, असे सांगण्यात आले. ती का हवी, हे मात्र कोणी समजावले नाही. म्हणून दुसऱ्या मतासाठी आम्ही पुण्यातच लहान मुलांच्या अस्थिरोग विभागात गेलो.

इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या आणि हाड किती अंशांनी वाकले आहे ते दाखवले. साधारण ९-१० वर्षांच्या आतील मुलांत १५ अंशांपर्यंतचा वाक वाढीबरोबर बराचसा सरळ होतो, मनगटाजवळचा तर अधिकच, कारण रेडियस या अंगठ्याच्या बाजूच्या हाडाची बहुतेक वाढ त्या टोकाकडून होते. हाडाला पीळ पडला असेल तर मात्र तो आपोआप सुटत नाही आणि हात उताणा-पालथा करताना अडचण राहते, हे त्यांनी स्वतःचा हात फिरवून समजावले.

त्यांनी भूल देऊन हाड बसवले आणि कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातले. सूज उतरली की प्लास्टर सैल पडते आणि आतले हाड घसरू शकते, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे दर आठवड्याला एक्स-रे काढला, आणि प्रत्येक वेळी आधीची फिल्म शेजारी ठेवून कोन पुन्हा मोजला. या सेवेचे खरे मोल मला इथे वाटते. हाड घसरले तर टायटॅनियमच्या लवचीक सळ्या घालाव्या लागतील आणि काही महिन्यांनी त्या काढायला पुन्हा भूल द्यावी लागेल, हे पहिल्याच दिवशी सांगितले होते. मोठ्या मुलांत किंवा हाड जखमेतून बाहेर आले असेल तर शस्त्रक्रियाच योग्य ठरू शकते, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. आमच्या मुलाला तिची गरज पडली नाही.

बाह्यरुग्ण विभागात फार ताटकळावे लागते, पण माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. बोटे सरळ करताना असह्य दुखले, ती बधिर किंवा निळसर पडली, तर रात्र असली तरी तत्काळ यायचे, ही सर्वांत महत्त्वाची सूचना परिचारिकेने निघता निघता तोंडी दिली. घाबरलेल्या पालकांच्या ती लक्षात राहीलच असे नाही. प्लास्टर घातल्याबरोबर ती मराठीत छापील हाती मिळायला हवी.