व्हर्च्युअलबॉक्समधला 'पॉज': आठ महिने वापरल्यावर

माझं काम डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं. जुन्या गिऱ्हाइकांच्या फायली अजून पेजमेकर ७ या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटात. त्यांच्यासाठी नव्या पीसीवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून आत विंडोज ७ बसवलं. पीसीला रॅम ८ जीबी, त्यातली २ जीबी या आतल्या मशीनला.

सुरुवातीला पॉजवर जाम खूश होतो. उजवा कंट्रोल धरून पी दाबला की आतला पडदा फिका पडतो, सगळं जागच्या जागी थिजतं. पुन्हा तेच दाबलं की अर्धवट ओळ जिथे सोडली तिथून पुढे. मधेच गिऱ्हाईक आलं, चहा आला, दाबा!

पण रॅम सुटत नाही हे कळायला महिना गेला. मशीन पॉजवर टाकून फ्लेक्सची फाईल उघडली तरी पीसी रडतच होता. पॉजमध्ये सुट्टी मिळते ती फक्त प्रोसेसरला.

लग्नसराईत तर हात पोळले. पत्रिकेत मामा-काकांची चौदा नावं बसवली, सेव्ह न करता पॉज केलं आणि जेवायला गेलो. लाईट गेली. यूपीएसची बॅटरी बदलायचा आळस माझाच. पॉज केलेलं मशीन रॅममध्येच असतं, ते गेलं. चौदा नावं पुन्हा, त्यात एक मामा गाळला.

तेव्हापासून पाच-दहा मिनिटांसाठी पॉज, त्याहून जास्त वेळ असेल तर खिडकी बंद करताना 'सेव्ह स्टेट'. यात आतली रॅम डिस्कवर उतरवली जाते आणि पीसीची रॅम मोकळी होते. एसएसडीवर घोटभर पाण्याइतका वेळ लागतो. त्या अवस्थेत मशीनची रॅम वाढवणं वगैरे सेटिंग बदलता येत नाही, आधी आतलं विंडोज रीतसर बंद करावं लागतं. व्हर्च्युअलबॉक्स अपडेट करण्याआधीही मी तसंच करतो.

घड्याळाची भानगड वेगळी. उठल्यावर आतलं घड्याळ मागे पडलेलं असतं. गेस्ट ॲडिशन्स (आतल्या विंडोजमध्ये टाकायचं व्हर्च्युअलबॉक्सचंच जोड-सॉफ्टवेअर) टाकलेलं असेल तर ते आपोआप जुळवून घेतं. नेटवर्कवरच्या प्रिंटरला प्रिंट जात असताना मात्र पॉज करू नका. पलीकडचा वाट बघून कंटाळतो आणि अर्धं पान हातात येतं.

दुकानातला पोरगा फिका पडदा दिसला की 'हँग झालाय' म्हणत थेट रिस्टार्टच्या बटणाकडे जायचा. आता मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली आहे: 'हँग नाही, झोपलाय. हात लावू नये.'