उबुंटूवर ब्राउझर कुठून घ्यावा: स्नॅप, डेब की फ्लॅटपॅक?

लिनक्सवर ब्राउझर सारखा बंद पडतो म्हणून लोक फायरफॉक्स सोडून क्रोमकडे जातात, तिथेही तेच झालं की तिसरा शोधतात. माझं म्हणणं आहे की आधी तो मशीनवर कुठून आलाय ते बघा. उबुंटू या लिनक्सवर प्रोग्राम तीन प्रकारच्या पॅकेजमधून बसवता येतो: स्नॅप, डेब आणि फ्लॅटपॅक. बरीचशी दुखणी तिथेच असतात.

त्याआधी एक तपासणी मात्र कराच. एखादा टॅब न जाता आख्खा ब्राउझर काही न सांगता गायब होत असेल, तर तो क्रॅश नसेलही. उबुंटू 22.04 पासून सिस्टमडी-ऊमडी हा मेमरीवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम मागे चालू असतो. मेमरीवर ताण आला की तो जास्त मेमरी खाणाऱ्या प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) आख्खा गट थेट मारतो. जर्नलमध्ये (सिस्टमच्या नोंदवहीत) त्याचं नाव दिसलं, तर ब्राउझर बदलून काही होणार नाही. रॅम किंवा स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) वाढवा.

आता पर्याय. 22.04 मध्ये फायरफॉक्स स्नॅप म्हणूनच येतो. अपडेट आपोआप होतात आणि ब्राउझरभोवती बंदिस्तपणाचा एक जादा थर मिळतो. सुरुवातीला तो उघडायला फार वेळ घ्यायचा, आता बराच सुधारलाय. पण त्या बंदिस्तपणाचाच जाच होतो: स्नॅपचं टेम्प (तात्पुरत्या फाइलींचं) फोल्डर वेगळं असतं, त्यामुळे दुसऱ्या प्रोग्रामने तिथे ठेवलेली फाइल समोर असूनही ब्राउझरला सापडत नाही. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन किंवा बाहेरचा पासवर्ड मॅनेजर जोडतानाही अडकायला होतं. ई-टेंडर भरणाऱ्यांनी हे आधी तपासून घ्यावं.

दुसरा पर्याय फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतलं (पॅकेजच्या ऑनलाइन साठ्यातलं) डेब पॅकेज, जानेवारी 2024 पासून, म्हणजे आवृत्ती 122 पासूनचं. रोजच्या कामाला मी हेच सुचवेन. मात्र दोन गोष्टी सांभाळायला लागतात. एक म्हणजे ॲप्टला, म्हणजे डेब बसवणाऱ्या साधनाला, पिन (प्राधान्याचा नियम) करून मोझिलाच्या पॅकेजला वरचा क्रम द्या, नाहीतर पुढच्या अपग्रेडला उबुंटू पुन्हा स्नॅप आणून बसवेल. दुसरी जास्त महत्त्वाची: उबुंटूचे आपोआप होणारे सुरक्षा-अपडेट बाहेरच्या रिपॉझिटरीला मुळात लागूच नसतात. ती रिपॉझिटरी त्या अपडेटच्या यादीत स्वतः जोडा, किंवा नियमाने अपग्रेड चालवा. क्रोमच्या डेबचीही हीच गत. सप्टेंबर 2023 मध्ये वेबपी चित्रांच्या लायब्ररीत गंभीर छिद्र सापडलं, तेव्हा क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनाही तातडीने दुरुस्ती काढावी लागली. अशा वेळी महिनाभर अपग्रेड न करणारा माणूस उघड्यावर असतो.

डेबचा एक त्रास राहतोच. ब्राउझर उघडा असताना मागे अपग्रेड झालं, की नवा टॅब उघडताच फायरफॉक्स रीस्टार्ट मागतो. अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर तो आधी पूर्ण करा, मगच नवा टॅब उघडा.

फ्लॅटपॅक मी ब्राउझरसाठी घेणार नाही. फ्लॅटपॅकच्या आत यूजर नेमस्पेस (प्रोसेस एकमेकींपासून वेगळ्या ठेवायची लिनक्सची सोय) वापरता येत नाहीत, त्यामुळे फायरफॉक्सच्या स्वतःच्या सँडबॉक्सचा, म्हणजे वेबपानांना कोंडून ठेवणाऱ्या कुंपणाचा, एक थर गळतो. डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर असाल तर तिथला ईएसआर (फायरफॉक्सची दीर्घकाळ टिकणारी आवृत्ती) उत्तम: नव्या सोयी साधारण वर्षातून एकदा, सुरक्षा-दुरुस्त्या मात्र वेळेवर.

क्रोम की फायरफॉक्स? प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस ही व्यवस्था क्रोमने 2018 मध्ये सर्वांना दिली, फायरफॉक्सला ते करायला 2021 उजाडलं. आज त्या बाबतीत अंतर कमी झालंय, तरी क्रोमचा सँडबॉक्स मला अजून सरस वाटतो. पासवर्डचं मात्र बघा. पूर्ण डेस्कटॉपऐवजी नुसता विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा प्रोग्राम) वापरत असाल आणि कीरिंग (पासवर्डच्या किल्ल्या जपणारी सोय) चालू नसेल, तर लिनक्सवरचा क्रोम पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असलेल्या एकाच ठरलेल्या किल्लीने झाकतो. फायरफॉक्समध्येही प्रायमरी पासवर्ड ठेवला नाही, तर किल्ली प्रोफाइलच्याच फोल्डरमध्ये असते. तो ठेवाच.

ओपनबीएसडी या लिनक्सहून वेगळ्या सिस्टमवर गोष्ट निराळी. तिथे प्लेज आणि अनव्हेल या प्रोग्रामवर बंधनं घालणाऱ्या सोयींमुळे ब्राउझरला होम फोल्डरमधलं जवळपास फक्त डाउनलोड्स फोल्डर दिसतं. सुरक्षा पक्की, पण इतर फोल्डरमधली फाइल अपलोड करायची तर आधी तिथे आणावी लागते.

परत उबुंटूकडे. 24.04 वर होम फोल्डरमध्ये टारबॉल (डाउनलोड केलेली संकुचित फाइल) उघडून चालवलेला फायरफॉक्स सँडबॉक्सबद्दल इशारा देतो, आणि तसाच उघडलेला क्रोमियम (क्रोमचा मुक्त-स्रोत भाऊ) बऱ्याचदा सुरूच होत नाही. त्यावर कोणी ‘नो-सँडबॉक्स’ हा सँडबॉक्स बंद करणारा पर्याय लावून चालवायला सांगेल. तसं करू नका. फायरफॉक्स किंवा क्रोमचं डेब बसवा, त्याच्यासाठी उबुंटूने ॲपआर्मरचं (प्रोग्रामला काय करू द्यायचं ते ठरवणाऱ्या यंत्रणेचं) प्रोफाइल आधीच दिलेलं आहे.