पोस्टग्रेसक्यूएल : अडत दुकानात दोन सिझन वापरल्यावर

लातूरच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानाचं कम्प्युटरचं काम माझ्याकडं आहे. दोन सिझन झाले, तिथं पोस्टग्रेसक्यूएल, थोडक्यात पोस्टग्रेस, हा डेटाबेस म्हणजे माहिती साठवायचा प्रोग्राम चालतोय. आधी तिथं एक पॅकेज होतं, नाव घेत नाही, पण जाहिरातीत रिलेशनल डेटाबेस, म्हणजे माहिती टेबलांत ठेवणारा, म्हणून लिहिलेलं. ऐन सोयाबीनच्या टायमाला मुनीमजी एका शेतकऱ्याचं दोनदा पडलेलं खातं काढायला गेले आणि चुकीचं उडालं, त्याच्या सात पट्ट्या (माल विकल्याच्या हिशोबाच्या पावत्या) मात्र तशाच राहिल्या, क्विंटल आहे, रक्कम आहे, नाव नाही. शेतकरी पैशासाठी समोर उभा आणि आम्ही कागद हुडकायलो. लई वाईट वाटलं त्या दिवशी.

मग नीट वाचायला बसलो. १९७० ला ज्यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं त्या आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९८५ मधी कम्प्युटरवर्ल्ड या साप्ताहिकात खरा रिलेशनल डेटाबेस कोणता ते ठरवायचे नियम छापले होते, कारण तेव्हाही कंपन्या जुन्याच मालावर रिलेशनलचं लेबल लावून विकायच्या. बारा नियम म्हणतात पण मोजणी शून्यापासून आहे, म्हणजे १३. त्यातला दहावा माझ्यासाठी सगळ्यात मोठा : डेटा बरोबर राहायच्या अटी डेटाबेसमधीच पाहिजेत, स्क्रीनच्या प्रोग्राममधी नाही. आणि बारावा, कुठल्याही मागच्या दारानं त्या अटी चुकवता येऊ नयेत. आमच्या जुन्या पॅकेजमधी सगळी तपासणी स्क्रीनवरच होती.

पोस्टग्रेसमधी फॉरेन की लावली, म्हणजे प्रत्येक पट्टीचा शेतकरी यादीत असलाच पाहिजे ही अट, आणि पट्टी असलेल्या शेतकऱ्याचं नाव स्क्रीन सोडून थेट एसक्यूएलनं (डेटाबेसला हुकूम द्यायची भाषा) डिलीट करून पाहिलं, सरळ नकार दिला. इथंच माझं मन बसलं.

दुसरं म्हणजे नल, म्हणजे न भरलेली रिकामी जागा, त्याबद्दल तिसरा नियम आहे. माहीत नाही आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन गाड्या आल्या, मॉइश्चर एकीचं १०, एकीचं १२, तिसरीचं मोजलंच नाही. जुनं पॅकेज तिथं शून्य धरायचं आणि सरासरी ७.३ दाखवायचं, खरेदीदाराला काय सांगणार? इथं ११ येते, न मोजलेली गाडी हिशोबातच धरत नाही. पण एक सांभाळा, 'मॉइश्चर १२ नाही अशा गाड्या' मागितल्या तर न मोजलेल्या गाड्या त्यात येत नाहीत, त्या वेगळ्या मागाव्या लागतात, मी यात एकदा फसलोय.

सगळंच पक्कं आहे असं नाही. प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची वेगळी ओळख, न देता टेबल बनवू देतं, मग हुबेहूब दोन ओळी पडल्या की कोणती कोणाची ते सांगता येत नाही, प्रत्येक माहितीपर्यंत नेमकं पोचता यावं हा दुसरा नियम तिथंच मोडला. साध्या एका टेबलाच्या व्ह्यूमधून (टेबलातली हवी तेवढीच माहिती दाखवणारी खिडकी) अपडेट होतं, दोन टेबलं जोडलेली असली की ट्रिगर, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लिहावा लागतो. आणि सुपरयूजरला, म्हणजे सगळे हक्क असलेल्या यूजरला, फॉरेन कीची तपासणी बंद करता येते, म्हणून तो पासवर्ड दुकानात कोणालाच देऊ नका, मालकांनाही रोजच्या कामासाठी वेगळा यूजर काढून द्या.

फुकट आहे, मराठी नावं व्यवस्थित बसतात. आमच्यासारख्या दुकानाला मी हेच घ्या म्हणेन.

जुना डेटा आत घेताना फॉरेन की लागेना, तेव्हा कळलं की बेवारस पट्ट्या सात नाही, ४१ आहेत. मुनीमजी आणि मी दोन रात्री पावतीपुस्तकं घेऊन बसलो, ३८ चे मालक सापडले, उरलेल्या तिघांना अजून हुडकायलोत.