जोनी मिचेल: ‘ब्लू’ घ्यावी की ‘कोर्ट अँड स्पार्क’?

मावसभावाने टर्नटेबल घेतलाय. कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिचेल, तिची एकच रेकॉर्ड परवडेल, कुठली घेऊ, म्हणतो. तर ऐक, भावा. लांबीचा प्रश्न नाही, दोन्ही पाऊण तासाच्या आत संपतात.

‘ब्लू’ (१९७१) म्हणजे गिटार, पियानो, डल्सिमर (मांडीवर ठेवून वाजवायचं तंतुवाद्य) आणि बाईंचा आवाज. बाकी जवळपास काही नाही. ‘रिव्हर’ची सुरुवात ऐक: पियानोवर ‘जिंगल बेल्स’ची ओळखीची चाल येते आणि बघता बघता उदास होते. गाण्याला कुठेच आडोसा नाही, म्हणून समोर बसूनच ऐकावी लागते. भांडी घासताना लावलीस तर वाया गेली.

‘कोर्ट अँड स्पार्क’ (१९७४) मध्ये सॅक्सोफोनवादक टॉम स्कॉटचा जॅझ बँड आणि जॉन गेरिनचे ड्रम्स आले. ‘हेल्प मी’ अमेरिकेत ७व्या क्रमांकापर्यंत चढलं. ‘रेझ्ड ऑन रॉबरी’ तर चक्क रॉक अँड रोल, गिटारवर ‘द बँड’ या रॉक गटाचा रॉबी रॉबर्टसन. शब्द तितकेच टोकदार, फक्त ताल हाताला धरून नेतो. ‘फोक (साधी, लोकगीतांच्या वळणाची गाणी) सोडून बाजारू झाली’ ही कुरकूर मला पटत नाही. चालींची वळणं तिचीच आहेत.

रात्री एकट्याने ऐकणाऱ्याने ‘ब्लू’ घ्यावी. तुझ्या घरात कायम चार माणसं, त्यामुळे तुला दुसरी. आणि माझी ‘ब्लू’ उसनी मागू नकोस.