जुनी शेवरोले पिकअप, एस-१० ची चेसिस: कित्येक महिने रोज चालवल्यानंतर

आधी निकाल सांगतो. १९५१ च्या शेवरोले ३१०० पिकअपची कॅब (चालकाची केबिन), बॉनेट, मडगार्ड आणि हौदा शेवरोलेच्याच एस-१० या नंतरच्या छोट्या पिकअपच्या चेसिसवर (खालच्या सांगाड्यावर) बसवून मी ही गाडी गेले कित्येक महिने रोज चालवतो आहे. पावसात, रात्री, गर्दीत, हायवेवर, हौद्यात सामान भरून. गाडी उत्तम चालते. लोक सगळ्यात आधी विचारतात ते इंजिनाबद्दल, पण या कामात इंजिनाचा भाग सगळ्यात सोपा. गाडी खरोखर चांगली झाली की नुसती उभी राहिली, हे कॅब चेसिसला जिथे टेकते त्या जागा ठरवतात. म्हणून त्याच भागावर जास्त लिहिणार आहे.

हे काम कोणी करू नये तेही लगेच सांगतो. तुमच्या जुन्या गाडीची मूळ चेसिस धड असेल तर तिला हात लावू नका. पुढे डिस्क ब्रेक, दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर (पॅडलचा दाब दोन वेगळ्या पाइपांतून ब्रेकला पोचवणारा) आणि बारा व्होल्टची वायरिंग एवढं केलं तरी ती गाडी पुढची अनेक वर्षं सुखाने चालेल आणि तिचं मूळपणही राहील. माझ्या गाडीची चेसिस मागच्या ॲक्सलच्या वर गंजून आरपार गेली होती. बॉडीचा पत्रा मात्र ठणठणीत होता. अशा जोडीलाच हा उपाय शोभतो.

१९४७ ते १९५५ च्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या या पिढीला शेवरोले ‘ॲडव्हान्स डिझाइन’ म्हणत असे. १९५१ साली २१६ घनइंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन, सुमारे ९० अश्वशक्ती. मागच्या ॲक्सलचा डिफरन्शियल ४.११ चा (चाक एकदा फिरायला शाफ्ट ४.११ वेळा फिरतो), त्यामुळे ओझं आरामात ओढायची, पण ताशी ८० किलोमीटरच्या आसपास इंजिन ओरडायला लागायचं. पुढे अखंड बीम ॲक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगा. चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकचं सर्किट एकच, म्हणजे एक पाइप फुटला तर पॅडल सरळ तळाला. त्या काळच्या रस्त्यांना ते पुरेसं होतं. आजच्या रहदारीत पुढची गाडी डिस्कवर झटक्यात थांबते तेव्हा ते पुरत नाही.

आता चेसिसची निवड. ३१०० चा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर) ११६ इंच. एस-१० पिकअप १९८२ ते २००४ बनली आणि तिच्यात व्हीलबेसची मापं तीन: १०८.३, ११७.९ आणि १२२.९ इंच. मी मधलं, लांब हौद्याचं, टू-व्हील ड्राइव्हचं घेतलं. फरक उरला १.९ इंचांचा, साधारण ४८ मिलिमीटर. हा फरक काढायला चेसिस कापून जोडणारे आहेत. मला ते पटत नाही. मागच्या पाट्यांची टोकं धरणारे हँगर तेवढे पुढे सरकवून, उच्च प्रतीच्या बोल्टने बसवून काम होतं. गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट तेवढाच आखूड करून पुन्हा बॅलन्स करून घ्यायचा. कोणतंही माप घेण्याआधी पुढचं चाक मडगार्डच्या कमानीत मधोमध आणायचं आणि बाकी सगळं त्या एका बिंदूपासून मोजायचं. चाक कमानीत एक इंच जरी मागे-पुढे असलं तरी डोळ्याला कायम खटकतं.

मूळ कॅब चेसिसवर घट्ट आवळलेली नव्हती. पुढे रबरावर बोल्ट आणि मागे झुलती कडी. त्या काळची चेसिस खड्ड्यात पिळली जाई. कॅब तिच्याबरोबर पिळू नये, म्हणून मागची बाजू थोडी मोकळी ठेवलेली असे. एस-१० च्या चेसिसचा पुढचा भाग बंद पेटीसारखा आणि ताठ आहे, कॅबच्या मागे मात्र ती उघड्या सी-आकाराची होते आणि तिथे पीळ येतोच. ही कॅब चारही कोपऱ्यांत ताठ ब्रॅकेटवर जखडली की तो पीळ पत्रा खातो. आधी दार घासायला लागतं, मग दाराच्या खांबाच्या बुडाशी रंगाला बारीक चीर पडते, मग पत्र्याला.

म्हणून ब्रॅकेट जाड पत्र्याचे, पेटी आकाराचे केले, पण त्यावर बुश (मधल्या गाद्या) रबराचेच ठेवले. पॉलियुरेथेनचे बुश दिसायला छान आणि टिकाऊ असतात, पण या कॅबसाठी ते फार कडक पडतात. कॅबच्या तळाला जिथे ब्रॅकेट टेकतो तिथे आतून मोठी पट्टी जोडली, म्हणजे भार एका बोल्टच्या भोकावर न येता पसरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दारं लावलेली ठेवून, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना, दाराच्या फटी चहूबाजूंनी सारख्या दिसेपर्यंत ब्रॅकेटखाली शिम (पातळ चकत्या) घालत गेलो. नुसती कॅब स्टँडवर ठेवून हे काम केलं तर वजन आल्यावर सगळं बदलतं.

इतक्या महिन्यांनी फटी जशाच्या तशा आहेत, उजवं-डावं दोन्ही दार एका बोटाने लागतं. पहिल्या काही आठवड्यांत रबर थोडं दबलं आणि सगळे बोल्ट पुन्हा आवळावे लागले. ते अपेक्षितच होतं. कॅब आणि हौदा यांच्यातली फट मात्र सढळ ठेवा. एका बाजूचं चाक चढावर गेलं की दोघं वेगवेगळे झुकतात, मागच्या काचेतून ते स्पष्ट दिसतं.

ब्रेकबद्दल एकच शब्द: विश्वास. पुढे डिस्क, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर, दोन सर्किट. पण एक बारकावा आहे. मूळ गाडीत पॅडल कॅबच्या तळातून वर यायचं आणि मास्टर सिलिंडर त्या तळाखाली असायचा. आता बूस्टर इंजिन आणि कॅबच्या मधल्या पत्र्यावर लटकतो आणि तो पत्रा या ताकदीसाठी बनलेलाच नाही. मागून जाड प्लेट आणि वरच्या बाजूला डॅशबोर्डपर्यंत आधार दिला नाही, तर पाय दाबला की पत्राच वाकतो, पॅडल मऊ लागतं आणि माणूस ब्रेकमध्ये हवा शोधत बसतो. माझ्या गाडीचं पॅडल पहिल्या दिवशी होतं तसंच आजही कडक आहे.

स्टिअरिंग हलकं आणि नेमकं. स्टिअरिंगचा कॉलम एस-१० चाच, गिअरचा दांडा त्याच्यावरच, त्यामुळे आत बसल्यावर जुन्या घडणीशी विसंगत वाटत नाही. कॉलमपासून स्टिअरिंग बॉक्सपर्यंतच्या शाफ्टला तीन युनिव्हर्सल जॉइंट (कोनात फिरणारे सांधे) लागले. तीन जॉइंट आले की मध्ये आधाराचं बेअरिंग हवंच, नाहीतर शाफ्ट फेकला जातो.

चाकांवर मात्र थोडी तडजोड आहे. एस-१० ची रुंदी या फुगीर मडगार्डांखाली कमी पडते, चाकं आत गेल्यासारखी दिसतात. शिवाय तिला पाच बोल्ट, ४.७५ इंचाच्या वर्तुळावर. जुन्या चाकांना सहा, ५.५ इंचावर. मी हब आणि चाक यांच्यात जाड चकत्यांसारखे अडॅप्टर लावले. त्याने चाकं बाहेर आली आणि मूळ लोखंडी चाकं, त्यांच्या क्रोमच्या टोप्यांसह, बसली. त्याची किंमत रस्त्यावर कळते: जड वाहनांनी चर पाडलेल्या रस्त्यावर गाडी चरीच्या मागे जाऊ पाहते, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. हबच्या बेअरिंगवरही भार वाढतो. आतापर्यंत ढिलेपणा आलेला नाही, पण चाक उचलून हलवून पाहणं आणि अडॅप्टरचे नट टॉर्क पान्याने तपासणं ही माझी ठरलेली सवय आहे. चाकांची अलाइनमेंट हौदा, बंपर, बॅटरी सगळं चढल्यावरच करून घ्या. उंची बदलली की कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बदलतो.

४.३ लिटरचं व्ही-६ आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. सकाळी एका किल्लीत सुरू, चढावर ताकद मुबलक, हायवेवर शांत. कॅबचा मधला तळ कापून उंच करावा लागला. उष्णतेसाठी तिथे खालून ढाल आणि आतून जाड थर दिला, तरी लांबच्या प्रवासात उजवा पाय गरम होतो. जुन्या अरुंद नाकात रेडिएटर बसवताना इलेक्ट्रिक फॅन घेतला, गर्दीत तापमानाचा काटा हलत नाही.

काटे आणि वायरिंग यांना वेळ राखून ठेवा. जुना पेट्रोलचा मीटर शून्य ते तीस ओहमचा, नव्या टाकीतली पातळी कळवणारा सेंडर शून्य ते नव्वदचा. तसाच जोडला तर टाकी अर्ध्याच्या खाली गेली तरी काटा भरलेली टाकीच दाखवतो. मध्ये जुळवणारं छोटं मॉड्युल घातलं. स्पीडोमीटर केबलचा आणि गिअरबॉक्स इलेक्ट्रॉनिक सिग्नलचा, तिथेही सिग्नलवरून केबल फिरवणारी पेटी. दोन्ही आजपर्यंत बिनचूक. १९९८ किंवा त्यानंतरची चेसिस घेणार असाल तर तिच्या चोरीविरोधी यंत्रणेचं काय करायचं ते आधी ठरवा. मूळ इग्निशन लॉक सोडून आलात तर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं.

मला सगळ्यात जास्त समाधान देणारा बदल बाहेरून दिसतच नाही. माझ्या जुन्या गाडीत पेट्रोलची टाकी कॅबमध्ये, सीटच्या पाठीमागे होती. आता ती चेसिसच्या बाजूला आहे, तोंड हौद्याच्या लाकडी तळातल्या झाकणाखाली. आत पेट्रोलचा वास नाही, पाठीशी टाकी नाही. मागच्या ॲक्सलवर चेसिस कमानीसारखी उंच होते, म्हणून हौद्याचा तळ काही इंच वर घ्यावा लागला. सामान थोडं कमी मावतं.

एक गोष्ट मात्र कोणी विसरू नये. चेसिस नवी असली तरी कॅब १९५१ चीच आहे. एअरबॅग नाही, धडकेत दुमडून झटका शोषणारा भाग नाही, डोक्यामागे लगेच काच. सीट बेल्ट मी खांद्यावरून येणारे लावले, त्यांच्या जागांना आतून जाड पट्ट्या जोडल्या, पण तरीही अंतर ठेवूनच चालवतो.

कागदपत्रांचं काम पत्रा कापण्याआधी करा. या गाड्यांची क्रमांकाची पाटी कॅबच्या दाराच्या खांबावर असते, नव्या चेसिसचा क्रमांक वेगळा. तुमच्याकडे नोंदणी कोणत्या क्रमांकावर राहील आणि तपासणीला काय दाखवावं लागेल, हे लेखी घ्या आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवा.

सध्या उरलेलं काम एकच. मागच्या डाव्या ब्रॅकेटमधून तिरक्या उतारावर हलकी कुरकुर येते. तिथलं रबर काढून पाहणार आहे, आणि काढलंच आहे तर चारही बदलून टाकणार.