जीप रिस्टोरेशनला देताय? आधी इंजिन नंबरचे ठसे काढून ठेवा

जुन्या जीप नव्या करून घ्यायचं वेड सध्या जोरात आहे आणि त्याच्या आडून काय काय चाललंय ते लोकांना कळावं म्हणून हे लिहितोय.

आमच्याकडे वडिलांची महिंद्रा एमएम ५४०. प्यूजोचं ओरिजिनल एक्सडीपी डिझेल इंजिन, फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) चालू, कागद क्लिअर. फ्लोअरचा पत्रा सडला होता, बाकी गाडी दणकट. पुण्याजवळच्या एका गॅरेजला दिली, साडेचार लाखात पत्राकाम, इंजिन ओव्हरहॉल, वायरिंग, पेंट असं ठरलं, अडीच लाख अ‍ॅडव्हान्स. मालक गोड बोलणारा, दर आठवड्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. एका फोटोत पुढच्या बंपरला वडिलांनी वेल्ड करून घेतलेला टो हूक दिसेना, विचारलं तर म्हणे पेंटसाठी कापलाय, परत लावतो. हूक काही परत लागला नाही. तो फोटोच दुसऱ्या जीपचा होता हे नंतर तिथेच काम सोडलेल्या एका पोराने सांगितलं.

गाडी आली तेव्हा रंग असा की नजर ठरेना. खरं कळलं आरसी रिन्यूअलला. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावंच लागतं. आरटीओच्या इन्स्पेक्टर साहेबांनी इंजिनचा ब्लॉक (नंबर कोरलेला मुख्य सांगाडा) फडक्याने पुसला, कागद ठेवून पेन्सिल घासली आणि ठसा मला दाखवला. नंबर आरसीवरचाच, पण आकडे वरखाली, एक खोल एक उथळ, आणि आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्याच्या रेघा. जुन्या ट्रान्सफरच्या कागदावरचा ठसा शेजारी ठेवला तर आंधळ्यालाही फरक कळेल. आमचं इंजिन काढून विकलं आणि कुठल्यातरी भंगार ब्लॉकवर आमचा नंबर ठोकून दिला! रिन्यूअल अडकलं ते अडकलंच, वर नंबरशी छेडछाड म्हणून पोलिसांत उत्तरं द्यायची वेळ आली.

मग ओळखीच्या मेस्त्रींना दाखवली. त्यांनी पुढचं एक चाक जॅकवर घेतलं, टू-व्हीलमध्ये ठेवून हाताने फिरवलं. चाक फिरतंय, पण त्याच्याबरोबर फिरायला हवा तो पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (पुढच्या अ‍ॅक्सलला ताकद नेणारा दांडा) जागचा हलत नाही. डिफ्रन्शियल (शाफ्टची ताकद दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा डबा) उघडलं तर आत काहीच नाही, पोकळ. लिव्हर मात्र चकाचक, फोर बाय फोरचा नवा बॅज पण लावलेला. तुम्ही तयार जीप घेत असाल तर हे चाक फिरवून बघाच (फ्रीव्हील हब, म्हणजे पुढची चाकं अ‍ॅक्सलपासून सुटी करणारे हब, असतील तर आधी लॉक करा). चेसिस नंबरच्या आसपास वेल्डिंगची रेघ किंवा पुट्टी दिसली तर एक रुपया पण देऊ नका, नंबरचा तुकडा कापून दुसऱ्या फ्रेमला जोडतात ही मंडळी.

आणि 'टर्बो इंजिन टाकून देतो, आरटीओचं आम्ही बघतो' असं कोणी म्हटलं तर तिथून उठा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असा बदल चालत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. अपघात झाला की इन्शुरन्सवाले पहिलं हेच काढणार, आणि तेव्हा गॅरेजवाला फोन उचलणार नाही.

गाडी द्यायच्या आधी इंजिन आणि चेसिसचे पेन्सिल ठसे काढा, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारा डबा), दोन्ही अ‍ॅक्सल यांचे फोटो काढा आणि जॉबकार्डवर नंबर लिहून मालकाची सही घ्या. सही द्यायला कां-कूं केलं तर गाडी तशीच परत आणा. पैसे बँकेतूनच, काम होईल तसे.

मी पोलीस तक्रार केलीये, जिल्हा ग्राहक आयोगातही केस टाकलीये, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पुणे परिसरात कोणी अलीकडे बिनकागदाचं एक्सडीपी इंजिन घेतलं असेल तर कृपया ब्लॉकवरचा नंबर बघून मला मेसेज करा, ते वडिलांच्या जीपचं असू शकतं.