कोलिब्री प्रश्नावली : कामाची, पण सांभाळून वापरायची

डोक्याला मार लागलेला पेशंट पुढे कितपत सावरला हे बघायला १९७५ पासून ग्लासगो आउटकम स्केल आहे. स्वतःचं स्वतः करतो का, कामावर परतला का, हे ती सांगते. त्याला जगणं कसं वाटतंय, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली कोलिब्री घ्यावी. युरोपीय संघाच्या पैशावर चाललेल्या, डोक्याच्या इजांवरच्या सेंटर-टीबीआय या अभ्यासातही ती वापरली गेली. त्या अभ्यासाला जर्मनीच्या हॅनलोरे कोल प्रतिष्ठानानेही मदत केली होती. संशोधनाचा पैसा जीव वाचवण्यापलीकडे पोचला, तो अशा ठिकाणी.

एकूण ३७ प्रश्न. विचारशक्ती, स्वतःबद्दलची भावना आणि रोजचे व्यवहार यांचे प्रत्येकी ७, नातेसंबंधांचे ६. यांत समाधान विचारलंय. मनाच्या तक्रारी आणि शारीरिक त्रास यांचे प्रत्येकी ५. इथे किती त्रास होतो ते सांगायचं. उत्तराला १ ते ५ गुण. त्रासाचे गुण आधी उलटे करायचे (१ चे ५, २ चे ४). मग विभागाची सरासरी काढून १ वजा करायचा आणि २५ ने गुणायचं. सरासरी ३ आली तर ५० गुण. सगळ्यात जास्त चुका होतात त्या गुण उलटे करायचे राहिल्याने: सर्वांत दुःखी माणूस मजेत दिसतो! एकूण गुण (१०० पैकी) ६० च्या खाली गेले तर लक्ष घालावं.

आपल्याकडे खरी अडचण नातेसंबंधांच्या विभागात येते. लैंगिक जीवनाचा प्रश्न सासूबाई खोलीत असताना विचारला तर उत्तर कोरंच राहणार. पेशंटला एकट्याला बसवा. पैशाच्या व्यवहाराच्या प्रश्नालाही मेख आहे: अपघाताआधीही घरातला हिशोब दुसऱ्याच्याच हातात असेल, तर असमाधानाचं खापर इजेवर फोडू नका.

मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसलेल्या काहींना आपल्यातली उणीवच जाणवत नाही. त्यांचे गुण फसवे चांगले येतात. तेव्हा घरच्यांचं म्हणणं वेगळ्या कागदावर घ्या, दोन्हीची सरासरी काढू नका. बोलणं समजत नसेल तर ही प्रश्नावली नकोच. पेशंट थकला की सरसकट मधलाच पर्याय सांगत सुटतो. मध्ये विश्रांती द्या. आणि ऐनवेळी तोंडी भाषांतर करत प्रश्न विचारू नका, दर वेळी शब्द बदलले की आधीच्या गुणांशी तुलना करता येत नाही.

ओपीडीत गर्दी असेल तर सहा प्रश्नांची छोटी आवृत्ती आहे. तिच्यातून एकूण कल कळतो, थेरपी कुठून सुरू करायची ते मात्र नाही.